जुनें विमान घेतांना

राजारामपुरीच्या आठव्या गल्लींत राहणाऱ्या माणसानें विमानांच्या गोष्टी सांगाव्यात, याचें कित्येक श्रोत्यांस नवल वाटेल. पण आमच्या वसाहतीला ज्या राजाराममहाराजांचें नांव आहे, त्यांच्याच कारकीर्दींत, १९३९ सालीं, उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ उभा राहिला. मध्यंतरीं बरींच वर्षें तेथें नियमित विमानें येत नव्हतीं. २०१८ पासून तीं पुन्हां येऊं लागलीं आणि २०२४ मध्यें नवी इमारतहि झाली. संध्याकाळीं विमानाचा आवाज आला कीं आमच्या गल्लींतलीं मुलें अजून गच्चीवर धांवतात. त्यांतलीं कांहीं मोठीं झालीं तरी धांवावयाचीं थांबत नाहींत, आणि आजचें माझें भाषण अशाच एका मोठ्या झालेल्या मुलामुळें घडत आहे.

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास हा तरुण शेजारी माझ्याकडे आला. नोकरी संगणकाची, पण हौसेनें त्यानें वैमानिकाचा खाजगी परवाना मिळविला आहे. मी आयुष्यभर विमानांच्या दुरुस्तींत हात काळे केलेला माणूस, आतां निवृत्त. म्हणून तो माझ्याकडे आला. त्यानें फोनवर एक छायाचित्र दाखविलें. पत्र्याच्या एका शेडमध्यें लहानसें दोन आसनांचें विमान उभें होतें. पंख काढून भिंतीला टेकविलेले, आणि चाकाखालीं कोंबडी बसलेली.

“काका, पुष्पक आहे. मालक म्हणतात, नुसतें नवें कापड चढवा, उडेल. किंमत एका मोटारगाडीएवढी.”

“आणि पैसे?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आईनें तिच्या नांवचा गडहिंग्लजकडचा जमिनीचा तुकडा विकावयास होकार दिला आहे. पहिल्या खेपेस तिलाच शेजारीं बसविणार आहें मी.”

हें ऐकल्यावर मला त्याच्याबरोबर जाणें भागच होतें.

‘मोटारगाडीएवढी’ या शब्दांत सगळी गफलत आहे. आपल्याकडे दसऱ्याला महाराजांची जुनी मेबॅक गाडी निघते आणि सारें कोल्हापूर ती पाहावयास लोटतें. जुनें यंत्र जतन करणें म्हणजे काय, याची समज या गांवाला आहे. उद्यमनगरांत असे कारागीर आहेत कीं त्यांच्या हातीं मोडका क्रँकशाफ्ट दिला तर ते त्याच्या जोडीचा नवा करून देतील. पण जुनी मोटार रस्त्यांत बंद पडली तर चार माणसें ती ढकलतात. जुन्या विमानाची चूक जेव्हां उघडकीस येते तेव्हां ढकलावयास कोणी जवळ नसतें. म्हणून मोटारींत जें ‘चालून जाईल’ तें विमानांत चालत नाहीं. आणि मोटारीची किंमत ती खरेदीची किंमत, तर विमानाची खरेदीची किंमत हा एकंदर खर्चाचा बहुधा लहानांतला लहान हिस्सा.

आतां, मध्यमवर्गी माणसाच्या आटोक्यांतलें जुनें हलकें विमान आपल्या देशांत मिळावयाचें तर कोणतें? मनांत प्रथम येतें तें टायगर मॉथ. दुहेरी पंखांचें, उघड्या आसनांचें हें इंग्रजी विमान १९३१ सालीं प्रथम उडालें, नऊ हजारांच्या जवळपास बनलें, आणि आपल्या वैमानिकांच्या एका पिढीनें त्यावर धडे गिरविले. पण आज तें दुर्मिळ झाल्यानें महाग आहे; शिवाय त्याचें काम सोपें नाहीं. आपल्या हवाई दलानें आपल्या संग्रहांतलें एक टायगर मॉथ पुन्हां उडविण्यायोग्य करावयाचें ठरविलें, तेव्हां तें काम इंग्लंडांतील जाणकारांकडून करवून घेतलें, आणि २०१२ च्या वायुसेनादिनीं तें लोकांसमोर उडालें. २०१८ मध्यें आलेल्या डकोटाचीहि कथा तशीच. एवढ्या मोठ्या दलाला जें बाहेरून करवून घ्यावें लागलें, तें आपण परसांत करूं असें म्हणण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून मुंबईस जुहूपर्यंत टपाल आणलें तें पुस मॉथ विमानांतून. पन्नास वर्षांनीं, १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं तोच प्रवास पुन्हां केला, तो त्याच घराण्यांतल्या लेपर्ड मॉथमधून. तें चित्र आठवलें कीं कोणाहि हौशी माणसाला स्फुरण चढतें. पण त्या म्हाताऱ्या विमानाच्या मागें उभ्या असलेल्या कारागिरांची फौज आणि खर्च चित्रांत दिसत नाहीं, एवढेंच सुचवितों.

उरतात आपल्या बंगलोरच्या कारखान्यांतलीं विमानें, आणि येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. कारण त्यांचा जनक आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यांतला. डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म १९०८ चा. जर्मनींत गॉटिंगेन येथें प्रांटल या जगद्विख्यात शास्त्रज्ञापाशीं त्यांनीं वायुगतिशास्त्राचें अध्ययन करून १९३६ मध्यें डॉक्टरेट मिळविली आणि पुढें हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्यें विमानरचनेचें खातें उभें केलें. त्यांच्या नेतृत्वाखालीं रचलेलें एचटी-२ हें विमान ऑगस्ट १९५१ मध्यें उडालें. हिंदी माणसांनीं हिंदुस्थानांत रचलेलें आणि बांधलेलें तें पहिलें विमान. वैमानिकांना शिकविण्यासाठीं तें दीर्घकाळ वापरांत होतें. असें असतांना त्यांचें नांव कोल्हापुरांतल्या शाळकरी मुलांना ठाऊक नसतें, ही गोष्ट मला नेहमीं खटकते. असो.

एचटी-२ धातूचें, भक्कम, पण त्याचें सिरस मेजर एंजिन इंग्रजी, आणि त्याचे सुटे भाग शोधणें म्हणजे काशीयात्रा. पुष्पकाचें तसें नाहीं. हें विमान १९५८ सालीं उडालें. जुन्या टायगर मॉथांच्या जागीं वैमानिक क्लबांना सोपें, स्वस्त शिकाऊ विमान हवें होतें, म्हणून तें काढलें. अमेरिकेंतल्या एरॉन्का चीफ नांवाच्या विमानाचा तोंडवळा त्याच्यावर स्पष्ट आहे. पंख डोक्यावर, आसनें दोन व शेजारीं शेजारीं, पंखांचा विस्तार सुमारें ३६ फूट, रिकामें वजन चारशे किलोच्या आसपास. अशीं दीडशेहून अधिक बनलीं आणि देशभरच्या क्लबांत विखुरलीं. धड पोलादी नळ्यांचें, वेल्डिंग केलेलें; पंखांच्या मुख्य तुळया लाकडी, ज्यांना विमानवाले स्पार म्हणतात; आणि सगळ्यावर कापड ताणून त्यावर डोप नांवाचें लुकण. म्हणजे लोहार, सुतार आणि शिंपी यांच्या विद्येंत बसणारें विमान. एंजिन नव्वद अश्वशक्तीचें कॉन्टिनेन्टल. त्याच्या घराण्यांतलीं एंजिनें आजहि जगभर हजारों लहान विमानांत फिरत आहेत, त्यामुळें त्याचे बरेच भाग विकत मिळतात. जुनें विमान निवडतांना मी प्रथम एंजिनाकडे पाहतों तें याच कारणानें. धड दुरुस्त करतां येतें, पंख नवे बांधतां येतात. परंतु ज्या एंजिनाचा सिलिंडर जगांत कोठें मिळत नाहीं, त्याचें विमान हें शोभेचें झाड समजावें.

तेव्हां मुलाची निवड चांगली होती. प्रश्न तें विशिष्ट विमान कसें आहे याचा होता.

आम्ही दोन जिल्हे ओलांडून तेथें गेलों. मालक अगत्याचे. चहा आला. मुलगा सरळ एंजिनाकडे गेला. सगळे तरुण तेंच करतात. मीं मात्र दरवाजा उघडून आंत नाक घातलें. हंसूं नका, जुन्या विमानाची पहिली परीक्षा नाकानें करावी. ओलसर कुबट वास आला तर लाकूड व सरस यांच्या जोडांविषयीं शंका घ्यावी. उंदरांचा उग्र दर्प आला तर त्याहूनहि वाईट, कारण उंदरांचें मूत्र ॲल्युमिनियमला खातें, आणि पंखांतल्या नाजूक फासळ्या चाळणीसारख्या होतात. येथें दोन्ही वास होते.

मग शेपटीकडे. शेपटीच्या चाकावर टेकलेलें विमान मागें उतरतें असतें, म्हणून आंत शिरलेलें पाणी धडाच्या खालच्या नळ्यांच्या मागल्या टोकाशीं साचतें आणि नळी आंतून गंजत जाते. वरून रंग चकचकीत असतो. अशा ठिकाणीं टोंच्यानें हलके ठोके देत जावें; धड नळी खणखणते, खाल्लेली नळी बसक्या आवाजानें बोलते, आणि एखादे वेळीं टोंच्या सरळ आंत जातो. आमचा गेला नाहीं, पण दोन ठिकाणीं आवाज मला आवडला नाहीं. एवढ्यानें विमान टाकून देण्याचें कारण नव्हतें. नळीचा खराब तुकडा कापून, ठरलेल्या रीतीनें बाहेरून किंवा आंतून दुसरी नळी सरकवून वेल्डिंग करतां येतें. तें काम नित्याचें आहे.

खरी गोष्ट पंखांत होती. पंखाला खालून आधार देणारी तिरपी काठी जेथें स्पारला बोल्टांनीं जोडलेली असते, तेथें उड्डाणांत सर्वांत मोठा ताण येतो. कापडाला पडलेल्या एका भोंकांतून आंत बॅटरी आणि दांतवैद्याकडे असतो तसा लहान आरसा घालून मी पाहूं लागलों. डाव्या पंखाच्या पुढल्या स्पारवर बोल्टांच्या जागीं प्लायवुडची एक चकती चिकटविलेली दिसली. सबंध पंखांत धूळ, आणि या चकतीवरचें वॉर्निश ताजें! मालकांना विचारलें, तर “बळकटीसाठीं” असें उत्तर मिळालें. चकतीच्या कडेपासून चार बोटांवर, बॅटरी अगदीं तिरपी धरली तेव्हां, लाकडाच्या रेषांना आडवी जाणारी केंसाएवढी बारीक रेघ दिसली. इस्त्री केलेल्या धोतरावर आडवी मोडलेली घडी जशी दिसते तशी.

या रेघेविषयीं थोडें सांगावें लागेल. लाकूड रेषांच्या दिशेनें फुटलें तर भेग पडते व ती कोणालाहि दिसते. पण एखादे वेळीं उतरतांना विमान गर्रकन् फिरतें आणि पंखाचें टोंक जमिनीवर आपटतें, तेव्हां स्पारच्या एका अंगावर दाब येऊन तेथले तंतू आंतल्या आंत दुमडतात. बाहेरून बहुतेक कांहींच दिसत नाहीं. पंख स्वस्थ उभा असतो, वर्षानुवर्षें. मग एके दिवशीं हवेंत धक्का बसतो आणि लाकूड त्या घडीवर मोडतें. अशा स्पारला दुरुस्ती नाहीं. त्या जागीं नवा स्पारच घालावा लागतो, आणि तोहि विमानासाठीं पारखलेल्या स्प्रूस लाकडाचा. सरळ रेषांचें, गांठ नसलेलें, ठराविक ओलाव्याचें लाकूड, दाखल्यासकट. आमच्या गांवचे सुतार सागवान फार छान घडवितात. पण स्पारच्या जागीं सागवान चालत नाहीं, तें जड असतें, आणि मुख्य म्हणजे विमानाच्या आराखड्यांत तें लिहिलेलें नाहीं.

मीं मुलाला हांक मारून आरसा त्याच्या हातीं दिला. त्यानें बराच वेळ पाहिलें. मग त्यानें विचारलें, “काका, कापड बदलतांना हें दिसलें असतें?” मीं म्हटलें, “ज्याला पाहावयाचें आहे त्याला दिसलें असतें.”

एंजिनाकडे तरीहि आम्ही पाहिलें. हातानें प्रॉपेलर फिरविला. (मॅग्नेटो बंद असला तरी एंजिन केव्हांहि पेटेल असें समजूनच प्रॉपेलरला हात लावावा, एका सैल तारेनें बोटें गेलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत.) चार सिलिंडरांपैकीं दोनांत दाब बरा लागला, एकांत कमी, एकांत नाहींच. पण चालणाऱ्या एंजिनापेक्षां बसून राहिलेलें एंजिन अधिक फसवें. तेल खालीं निथळून जातें, दमट हवा आंत शिरते आणि कॅमशाफ्टवर व सिलिंडरांच्या भिंतींवर गंजाचे ठिपके धरतात. ‘फक्त तीनशें तास चाललेलें’ ही मालकाची बढाई म्हणून निरर्थक असते. तीनशें तास चाललें खरें. पण पुढें तीस वर्षें काय केलें, तें सांगा! शिवाय पंख आपटला असेल तर प्रॉपेलरहि आपटला असण्याचा संभव, आणि मग क्रँकशाफ्ट वांकडा झाला आहे कीं काय हें उघडून मोजल्यावांचून कोणीहि सांगूं नये.

आतां कागद. पुष्पकाच्या नांवाचीच कथा पाहा. मूळ पुष्पक कुबेराचें. तें रावणानें बळानें घेतलें. रावणवधानंतर श्रीराम त्यांतून अयोध्येला आले आणि त्यांनीं तें कुबेराकडे परत पाठविलें. मालकीहक्काचा प्रश्न या नांवाला असा जन्मापासून चिकटलेला आहे, आणि आजच्या पुष्पकांनाहि तो सुटलेला नाहीं. विमान क्लबाच्या हँगरमध्यें होतें म्हणजे तें क्लबाचेंच होतें असें नव्हे. कित्येकदां विमान दुसऱ्याचें आणि वापर क्लबाचा असा व्यवहार असे. म्हणून नोंदणीचा दाखला कोणाच्या नांवचा, व्हीटीपासून सुरू होणारीं त्याचीं अक्षरें आज नोंदवहींत आहेत कीं रद्द झालीं आहेत, हें नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडून समजून घेतल्याशिवाय एक रुपयाहि देऊं नये. दुसरी वस्तु लॉग-बुकें. धडाचें वेगळें, एंजिनाचें वेगळें, प्रॉपेलरचें वेगळें. त्यांत प्रत्येक तासाची, प्रत्येक दुरुस्तीची, आणि सक्तीनें करावयाच्या प्रत्येक फेरफाराची नोंद असते. ही वही हरवली तर तो भाग किती वापरला गेला हें सिद्ध करतां येत नाहीं, आणि तपासणाऱ्या अभियंत्याला त्याचें वय अज्ञात धरून चालावें लागतें. म्हणजे सगळें उघडा, सगळें मोजा, पुष्कळसें बदला. आमच्या यजमानांपाशीं धडाच्या दोन वह्यांपैकीं दुसरी होती. पहिली, म्हणजे जींत पंखाचा अपघात नोंदलेला असावयाचा, ती “पुरांत गेली” असें त्यांनीं सांगितलें. गेलीहि असेल.

हवाई जहाजांचा १९३४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. कायदा बदलला तरी तत्त्व तेंच: उड्डाणयोग्यतेच्या दाखल्याखेरीज विमान उडवितां येत नाहीं, आणि दाखला मिळावयाचा तर काम मान्यताप्राप्त संस्थेच्या व परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखालीं झालें पाहिजे. ज्याला हें काम स्वतःच्या हातांनीं करावयाचें आहे त्यानें असा अभियंता आधीं शोधावा, विमान मागाहून. उलट क्रमानें गेलेल्या माणसांचीं विमानें गोठ्यांत पडून आहेत. चिकाटी किती लागते याचें उदाहरण म्हणून कॅप्टन अमोल यादव यांचें स्मरण करावें. त्यांनीं मुंबईस कांदिवलीच्या चारकोपांत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें नवें विमानच बांधलें. त्याची नोंदणी अखेर २०१७ सालीं झाली, तीहि वर्षानुवर्षें खेपा घातल्यानंतर. जुन्या, मान्य आराखड्याच्या विमानाची वाट त्या मानानें सोपी. पण सोपी म्हणजे लहान नव्हे.

खर्चाचें एकदां सांगून टाकतों. एंजिन पूर्ण उघडून नवें करण्यास पुष्कळदां विमानाच्या खरेदीहून अधिक लागतें. मग कापड, लुकण, तारा, टायर, उपकरणें, हँगरचें भाडें, विमा. पेट्रोल नेहमींच्या पंपावरचें नव्हे; विमानाचें वेगळें लागतें. तें पूर्वीं परदेशाहून येई. २०२२ पासून इंडियन ऑइल तें देशांत बनवूं लागली, ही हौशी लोकांस दिलासा देणारी गोष्ट आहे. तरीहि ज्याला एकट्याला हा भार पेलत नाहीं त्यानें दोनतीन भागीदार मिळवावे. आणि ज्याला उडविण्यापेक्षां जुनें यंत्र जिवंत ठेवण्यांत गोडी आहे, त्यानें तें जमिनीवरचेंच ठेवावें. एंजिन सुरू करून चार मुलांना दाखवावें. यांत कमीपणा कांहींच नाहीं, आणि खर्च एका झटक्यांत निम्म्याच्या खालीं येतो.

परततांना गाडींत मुलगा एक शब्द बोलला नाहीं. घरीं त्याची आई दारांतच उभी होती. तिनें मला विचारलें, “भावजी, विकूं ना जमीन?” मीं म्हटलें, “वहिनी, आज नको.” तिनें कारण विचारलें नाहीं, मुलाच्या तोंडाकडे पाहून ती आंत गेली.

पुढें सहा महिने तो शोधत राहिला. लिलावांच्या याद्या वाचल्या, विमानदुरुस्ती शिकविणाऱ्या संस्थांना पत्रें घातलीं. अशा संस्थांत शिकण्यासाठीं ठेवलेलीं जुनीं पुष्पकें कधीं कधीं निघतात. अखेर एक सांपडलें. पाहावयास अतिशय दीनवाणें: कापड नाहीं, एंजिन नाहीं, सांगाडा खोलून पेट्यांत भरलेला. पण स्पार उघडे, दोन्ही बाजूंनीं पाहतां येणारे, निर्दोष; नळ्या खणखणीत; आणि पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या वह्या एका लोखंडी ट्रंकेत. ज्या विमानाचें सगळें उघडें पडलें आहे तें मला झांकलेल्या विमानापेक्षां केव्हांहि अधिक पसंत. किंमत पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाची पडली. आणखी दोघे मित्र भागीदार झाले. गडहिंग्लजची जमीन गडहिंग्लजलाच आहे.

सांगाडा सध्यां उजळाईवाडीच्या वाटेवरील एका शेडमध्यें आहे. लहान भाग मात्र राजारामपुरींत घरीं होतात. हल्लींचें कापड पॉलिएस्टरचें असतें. तें चिकटवून त्यावर ठराविक तपमानाची इस्त्री फिरविली कीं आंवळून ढोलकीच्या चामड्यासारखें ताणलें जातें. इस्त्री घरची चालते, परंतु तिच्या तबकडीवर विश्वास न ठेवतां थर्मामीटरनें मोजून खुणा करून घ्याव्या लागतात. जास्त तापली तर कापड सैलच पडतें. मग लांब सुईनें, मेणाचा दोरा घेऊन, प्रत्येक फासळीशीं कापड ठराविक अंतरावर गांठ मारून शिवावयाचें. हें काम वहिनींनीं आपण होऊन मागून घेतलें. डाव्या एलेव्हेटरची शिवण त्यांच्या माजघरांत चालूं आहे. अभियंता महिन्यांतून एकदां येऊन गांठी तपासतो. मागल्या खेपेस त्यानें अकरा गांठी सैल म्हणून दाखविल्या, आणि वहिनींनीं चष्मा लावून त्या अकराहि त्याच्यासमोर उसवल्या.